६० वर्षं जुना १० एचपीचा ट्रॅक्टर नांगरतो कसा? अमेरिकेतल्या ‘प्लाऊ डे’ला जाऊन आलो, त्याची गोष्ट

आपण इथे एरवी प्रोसेसर, बॅटरी आणि कॅमेऱ्यावर बोलतो. आज जरा मातीत उतरू या. म्हणजे मी उतरलो होतो, चांगला घोट्यापर्यंत, आणि तेही पंचवीस-तीस लोकांसमोर.

मी कामानिमित्त अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, कोलंबस नावाच्या गावात राहतो. डिझेल इंजिनांच्या धंद्यामुळे या गावात पुण्याकडची बरीच मंडळी आहेत, त्यामुळे गणपतीत आरतीला माणसं कमी पडत नाहीत. पण ज्या कार्यक्रमाबद्दल मी सांगतोय, तिथे मी एकटाच मराठी होतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये गावापासून तासाभराच्या अंतरावर, सोयाबीन काढून झालेल्या एका शेतात जुन्या गार्डन ट्रॅक्टरवाल्यांचा ‘प्लाऊ डे’ होता. म्हणजे सगळ्यांनी आपापले छोटे ट्रॅक्टर घेऊन यायचं आणि दिवसभर नांगरायचं. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, तिकीट नाही. शेताचा मालक एकरभर जमीन मोकळी ठेवतो, येणारे घरून काहीतरी शिजवून आणतात, बस्स.

मला वाटलं होतं, फिरायला जाऊ, चार व्हिडिओ काढू आणि येऊ. पण माझ्याकडेही एक ट्रॅक्टर होता, आणि त्याच्यासोबत एक अट.

आधी गार्डन ट्रॅक्टर म्हणजे काय ते बघू

आपल्याकडे ट्रॅक्टर म्हटलं की डोळ्यांसमोर महिंद्रा किंवा स्वराज येतो. गार्डन ट्रॅक्टर म्हणजे त्याचं नातवंड. उंची आपल्या कमरेएवढी, वजन साधारण ३०० किलो, इंजिन एका सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लोक शहराबाहेर मोठ्या आवारांच्या घरांत राहायला गेले. गवत कापायचं, भाजीचा वाफा नांगरायचा, हिवाळ्यात दारातला बर्फ ढकलायचा, ही सगळी कामं एकाच यंत्राने व्हावीत म्हणून ही गाडी आली. ‘व्हील हॉर्स’ कंपनी १९४६ मध्ये याच इंडियानातल्या साउथ बेंडमध्ये सुरू झाली. मोठे ट्रॅक्टर बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये ‘कब कॅडेट’ आणला. जॉन डिअरचा ‘११०’ आला १९६३ मध्ये.

जाता जाता एक गंमत. नवा फोन आला की आपण आधी रंग बघतो ना? जॉन डिअरने १९६९ मध्ये हेच करून पाहिलं. पांढरा ट्रॅक्टर, आणि बॉनेट व सीट लाल, पिवळी, केशरी किंवा निळी, तुम्हाला हवी ती. फारसे चालले नाहीत. लोकांना हिरवाच हवा होता. आज मात्र त्यातला एखादा मेळाव्यात आला की सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. आमच्याकडे एक केशरी आला होता. मालक त्याला नांगराजवळ फिरकूही देत नव्हता.

हल्ली दुकानात ‘लॉन ट्रॅक्टर’ मिळतात ते वेगळे. दिसायला सारखेच, पण ते फक्त गवत कापण्यापुरते. जुन्या गार्डन ट्रॅक्टरची चौकट जाड पोलादाची आणि मागचा गिअरबॉक्स बिडाचा असतो. नांगर ओढताना सगळा ताण याच दोन जागी येतो, म्हणून तर साठ वर्षांपूर्वीचे हे ट्रॅक्टर अजून ओढताहेत.

आजोबांची अट

माझा ट्रॅक्टर म्हणजे १९६४ चा कब कॅडेट १००. पिवळा-पांढरा. आमच्या शेजारच्या आजोबांनी तो नवाकोरा घेतला होता. इथल्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना नावानेच हाक मारतो, पण मनात मात्र ‘आजोबा’च म्हणतो, म्हणून इथेही तेच लिहितो. वय ८६. गुडघे गेले, तसा त्यांनी ट्रॅक्टरवर बसणं सोडलं. वीसेक वर्षं तो गॅरेजात ताडपत्रीखाली होता. मुलं दूरच्या शहरांत, त्यांना त्यात रस नाही. भंगारवाला येऊन किंमत सांगून गेला होता. तेवढ्याच पैशांत आजोबांनी तो मला दिला आणि म्हणाले, “रंगवून शोभेला ठेवू नकोस. याच्यामागे नांगर लाव आणि मला दाखव.”

त्या थंडीत मी इंजिन उघडलं. मित्रांनो, या यंत्राचा ‘मेंदू’ म्हणजे एक कॉइल, एक कंडेन्सर आणि पॉइंट्समधली अर्ध्या मिलिमीटरची फट. ही फट नीट असली की ठिणगी पडते, नाहीतर नाही. मूळ मॅन्युअल स्कॅन केलेलं पीडीएफमध्ये मिळालं. फोन डाव्या हातात, पाना उजव्या हातात, असं मी तीन महिने काम केलं. मार्चमध्ये इंजिन धडधडलं, तेव्हा आजोबा काठी टेकत अंगणात आले, दोन मिनिटं ऐकत उभे राहिले आणि आत गेले. बोलले काहीच नाहीत.

नांगर त्यांचाच. ब्रिन्ली कंपनीचा, दहा इंची, म्हणजे एका फेरीत दहा इंच रुंद माती कापणारा. योगायोग असा की हा ट्रॅक्टर आणि हा नांगर दोन्ही लुईव्हिल शहरात बनलेले. आमच्या गावापासून गाडीने सव्वा तास. दोघांनी साठ वर्षांत घर काही फार लांब सोडलेलं नाही.

शेतावर: एकामागे एक

नांगराने पडलेल्या चरीला मराठीत ‘तास’ म्हणतात. घड्याळातला तो वेगळा, हे शेतातलं. शेतकऱ्यांच्या घरातल्या वाचकांना हे माहीतच असेल, बाकीच्यांनी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सकाळी नऊला पंधरा-सोळा ट्रॅक्टर ट्रेलरवरून उतरले. शेताच्या मालकाने आधी बुटाच्या टाचेने माती उकरली, मूठभर घेऊन दाबली आणि बोटाने ढकलली. मूठ फुटली. आपण ज्याला वाफसा म्हणतो, तो बरोबर आला होता. माती फार ओली असेल तर नांगराला लगदा लागतो, फार कोरडी असेल तर दगडासारखी ढेकळं निघतात.

मग पहिल्या माणसाने दोन काठ्या रोवून त्यांच्या रेषेत पहिलं तास काढलं. हे सगळ्यात अनुभवी माणसाचं काम, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. नांगर माती उजवीकडे उलथतो. पुढच्या फेरीत ट्रॅक्टरची उजवी चाकं त्या मोकळ्या तासात उतरतात आणि डावी वर, न नांगरलेल्या जमिनीवर राहतात. त्या तासाच्या कडेने तुम्ही दहा इंच माती कापता आणि मागच्या तासात लोटता. आता तुमचं तास मोकळं झालं, त्यात पुढच्याचं चाक. असे पंधरा जण एकामागे एक गोल फिरत राहतात. म्हणजे प्रत्येकाला आपल्या पुढच्याने केलेल्या रस्त्यावरच चालावं लागतं. तुमचं तास वाकडं झालं की ते मागच्याच्या गळ्यात.

एक हिशेब करून बघा. एक एकर दहा इंचाच्या पट्ट्यांनी नांगरायचा तर जवळपास १६ किलोमीटर चालावं लागतं. एकट्या छोट्या ट्रॅक्टरला वळणं सोडून पाच तास. पंधरा जण असले की वीसेक मिनिटांत व्हायला हवा. प्रत्यक्षात दुपार झाली, कारण दर दोन फेऱ्यांनी कुणीतरी थांबून कुणाचा तरी नांगर बघत बसतं. खरं तर लोक त्यासाठीच आलेले असतात.

पहिली फेरी: पंधरा फुटांत खेळ खल्लास

आजोबांना मी पिकअपमधून आणलं होतं. शेताच्या कडेला घडीची खुर्ची टाकून, पायावर घोंगडी घेऊन ते बसले. माझा नंबर आठवा.

पहिला गिअर टाकला, लिव्हर सोडली, नांगर मातीत गेला. पाच फूट मस्त. दहा फुटांवर ट्रॅक्टर जड झाला. पंधराव्या फुटावर डावं मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. इंजिनाचा आवाज जराही उतरला नाही. ते मजेत धडधडत होतं आणि चाक खड्डा करत होतं. मी वेड्यासारखा गॅस वाढवला. खड्डा आणखी खोल.

मागे सात ट्रॅक्टर खोळंबले. कुणी हॉर्न वाजवला नाही (या ट्रॅक्टरांना हॉर्न नसतोच म्हणा), पण सगळे बघत होते. दोघांनी धक्का मारून मला रांगेबाहेर काढलं. आजोबांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

इंजिनात दम आहे, मग अडलं कुठे?

आता मुख्य मुद्दा. मला वाटलं १० अश्वशक्ती कमी पडली. तुम्हालाही वाटलं असेल. स्प्लेंडरचं ९७ सीसीचं इंजिन ८ च्या आसपास अश्वशक्ती देतं आणि माझ्या ट्रॅक्टरचं कोहलर इंजिन ३९० सीसीचं असून फक्त १०. वर तीनशे किलोचं धूड. गणित बसतच नाही असं वाटतं.

पण बसतं. हे इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त ३,६०० फेरे घेतं. पहिल्या गिअरमध्ये ट्रॅक्टरचा वेग ताशी तीन-साडेतीन किलोमीटर, म्हणजे मागचं चाक मिनिटाला साधारण ३० वेळा फिरतं. इंजिनाचे १२० फेरे, तेव्हा चाकाचा एक. सायकलचा सगळ्यात हलका गिअर आठवा. पाय भरपूर मारायचे, सायकल हळू जाते, पण चढ चढते. इथे तेच १२० पट झालंय. घर्षणात जाणारं वजा केलं तरी चाकाच्या कडेशी ६०० किलोहून जास्त ओढ तयार होऊ शकते.

नांगराला लागते किती? दहा इंच रुंद आणि सहा इंच खोल, म्हणजे २५ गुणिले १५ सेंटिमीटरचा मातीचा काप. मध्यम मातीत दर चौरस सेंटिमीटरला ४०० ग्रॅमच्या आसपास ओढ धरली (मातीप्रमाणे हा आकडा बराच बदलतो), तर झाले साधारण १५० किलो. इंजिनाकडे त्याच्या चौपट आहे!

मग अडलं कुठे? टायर आणि माती यांच्यामध्ये. टायर जमिनीला किती धरणार, ते त्यावर किती वजन आहे यावर ठरतं. ट्रॅक्टर आणि मी मिळून चारशे किलो. त्यातलं मागच्या चाकांवर सुमारे २६५. शेतातल्या मातीत टायरला आपल्यावरच्या वजनाच्या साधारण निम्मी ओढ देता येते, म्हणजे १३० किलोच्या आसपास. लागत होते १५०. बस्स, एवढंच. इंजिनाला कळलंसुद्धा नाही की काही बिघडलंय. तुमचा फोन कितीही भारी असू द्या, रेंज एक काडी असेल तर व्हिडिओ अडकणारच. तसं हे.

त्यात आणखी एक भानगड. उजवी चाकं तासात खाली, डावी वर, त्यामुळे ट्रॅक्टर उजवीकडे कलतो आणि वजनही तिकडे सरकतं. डावं चाक हलकं होतं. साध्या डिफरन्शियलमध्ये जे चाक सहज फिरतं तेच फिरत राहतं. माझं डावंच फिरत होतं, ते उगाच नव्हे.

यावर लोकांनी काय काय उपाय केलेत ते बघण्यासारखं होतं. कुणी चाकांना बिडाची वजनं बोल्टने बसवलेली. कुणी टायरच्या ट्यूबमध्ये कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरलेलं. ते साध्या पाण्यापेक्षा जड असतं आणि थंडीत गोठत नाही, पण गळलं की रिम खाऊन टाकतं. म्हणून काही जण त्याऐवजी गाडीची काच धुवायचं निळं पाणी भरतात. एकाने तर बीटरूटचा रस भरला होता. खोटं वाटेल, पण तो इथे टायरसाठी खास विकत मिळतो. बऱ्याच जणांच्या चाकांवर साखळ्या होत्या. आणि एका काकूंच्या बोलेन्सवर मागे सिमेंट ओतलेली बादली टांगलेली. त्या दिवसभर सगळ्यात सरळ नांगरत होत्या.

हे घरी करून बघणाऱ्यांसाठी एक सूचना, आणि ही गंमतीने घेऊ नका. ओढायची वस्तू मागच्या आसापेक्षा वर कधीच बांधू नका. चाकं रुतली आणि ओढ वरून असली, तर ट्रॅक्टरचं नाक उचलतं आणि तो चालवणाऱ्यावर मागे उलटतो. हे डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. छोटा ट्रॅक्टर म्हणून तो काही प्रेमाने उलटत नाही.

आजोबांना दिसलं ते मला नाही

मी वजनाच्या मागे लागलो होतो. आजोबांनी खुर्चीतून हाताने बोलावलं. मला वाटलं, घरी चल म्हणणार. ते म्हणाले, “ट्रॅक्टर नको. नांगर दाखव.”

नांगराला फाळ असतो, तो माती खालून कापतो. त्याच्यावर वळणदार पोलादी पातं असतं, ज्याला मोल्डबोर्ड म्हणतात. कापलेली माती त्यावरून चढते, वळते आणि उलटी होऊन पडते. आपला जुना लाकडी नांगर माती फाडायचा, पण उलथायचा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला, त्याचं महत्त्व यातच होतं.

माझ्या मोल्डबोर्डवर माती चिकटली होती. थोडीथोडकी नाही, तळव्याएवढे जाड थर. आजोबांनी काठीच्या टोकाने ती खरवडली. खाली गंज. इंजिनावर तीन महिने घालवले होते, आणि नांगर तसाच ट्रेलरवर टाकून आणला होता.

गंजलेल्या, खरखरीत पोलादावरून माती घसरत नाही, चिकटते. मग मातीवरून माती ओढायची. वळणच बुजलं तर माती उलटणार कशी? ती नुसती पुढे ढकलली जाते आणि ओढ भसाभस वाढते. नव्या बिडाच्या तव्यावर पहिला डोसा कसा चिकटतो, अगदी तसं. चकचकीत पात्यावरून तीच माती साबणाच्या वडीसारखी निसटते. जॉन डिअर या लोहाराचं नाव झालं तेही यामुळेच. १८३७ मध्ये त्याने इलिनॉयमध्ये गुळगुळीत पोलादी पात्याचा नांगर बनवला, कारण तिथल्या काळ्या, चिकट मातीत बिडाचे नांगर दर काही पावलांवर थांबून खरवडावे लागायचे. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानाची ओळख असणाऱ्यांना हे सांगायला नकोच.

एका व्हील हॉर्सवाल्याकडे जनरेटर आणि ग्राइंडर होता. अर्धा तास फ्लॅप डिस्क फिरवली. पातं आरशासारखं नाही झालं, पण ताटलीसारखं झालं. त्याच माणसाने जिममधल्या ४५ पौंडी, म्हणजे वीस-वीस किलोच्या दोन प्लेटा आणि लांब बोल्ट काढून दिले. “व्यायाम तसाही कुणी करत नाही,” म्हणाला. डाव्या टायरची हवा मी ६ पीएसआयपर्यंत उतरवली. टायर जरा बसका झाला की जमिनीला जास्त जागा लागते.

फोन कुठे कामाला आला

शेवटी आपली साईट फोनचीच, म्हणून हा भाग नीट वाचा. दोन गोष्टींसाठी फोन वापरला, आणि दोन्हींना इंटरनेट लागत नाही.

पहिली गोष्ट नांगराचा कल. काम करताना ट्रॅक्टर कललेला असतो, पण नांगर मात्र जमिनीला सरळ हवा. नाहीतर फाळाची एक बाजू खोल जाते आणि दुसरी वरवर खरवडते. मग सपाट जागेवर उभं राहून हे जुळवायचं कसं? युक्ती अशी, की तासाची खोली जेवढी ठेवायची तेवढ्या उंचीचे लाकडी ठोकळे डाव्या चाकांखाली ठेवायचे. ट्रॅक्टर शेतात कलतो तसाच इथे कलतो. माझ्या मागच्या चाकांमध्ये ७० सेंटिमीटरचं अंतर, तास १५ सेंटिमीटरचं, म्हणजे १२ अंशांचा कल. मग इंजिन बंद करून नांगर टेकवायचा, त्याच्या आडव्या पट्टीवर फोन ठेवायचा, लेव्हलचं ॲप उघडायचं आणि आकडा शून्य होईपर्यंत नांगराचा स्क्रू फिरवायचा. फोन पाठीवर झोपवू नका, कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे दोन अंश इथेच चुकतात. लांब कडेवर उभा ठेवा. माझा नांगर ७ अंशांनी चुकला होता. आजोबा हे साठ वर्षं डोळ्यांनी करत आले होते. त्यांनी ॲपचा आकडा बघितला, मग नांगराकडे बघितलं आणि म्हणाले, “अजून थोडा.” ॲपने ०.५ दाखवलं होतं.

दुसरी गोष्ट, चाक किती घसरतंय ते. टायरच्या कडेला खडूने रेघ मारली. नांगर उचलून, चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती पुढे गेला ते मोजलं: १८ मीटर. मग नांगर घालून पुन्हा दहा फेऱ्या, एकाने बाजूने स्लो-मोशन व्हिडिओ घेतला म्हणजे फेऱ्या मोजायला चूक नको. पातं घासून झाल्यावर, पण प्लेटा बसवायच्या आधी, अंतर भरलं १२ मीटर. म्हणजे तिसरा हिस्सा नुसता घसरण्यात गेला. प्लेटा लावून, हवा उतरवून आणि खोली सहाऐवजी पाच इंच करून साडेपंधरा. म्हणजे घसरण १४ टक्क्यांवर आली. दहा-पंधरा टक्के मातीत चालतंच. शून्य करायला गेलात तर इतकं वजन टाकावं लागेल की ट्रॅक्टर मातीच दाबून टाकेल.

खोलीचा फायदा लक्षात आला का? एक इंच कमी केला की काप लहान होतो आणि ओढ १५० वरून सव्वाशेच्या आसपास येते. मी हा एक इंच सोडायला तयार नव्हतो, का कोण जाणे. सगळे सहा इंच घेत होते ना!

दुसरी फेरी

जेवणं झाली. बीन्स, मक्याची भाकरीसारखी एक पोळी असते ती, आणि मी नेलेले बटाटेवडे. वडे सगळ्यात आधी संपले, हे नम्रपणे नमूद करतो.

दुपारी दोनला मी पुन्हा रांगेत लागलो. माझ्यापुढे त्या बादलीवाल्या काकू होत्या, म्हणजे तास सरळ मिळणार याची खात्री. उजवं चाक त्यात उतरवलं. माझे टायर साडेआठ इंची, तास दहा इंची, बरोबर बसतं. रुंद टायर छान दिसतात म्हणून साडेदहा इंची घालणारे दोघं आले होते. त्यांचं चाक दरवेळी तासाची कड चेपत होतं.

लिव्हर सोडली. माती फाळावर चढली, पात्यावरून वळली आणि सळसळत उजवीकडे पडली. आधी ढेकळांचा आवाज येत होता, आता कापड फाटल्यासारखा एकसंध आवाज. पंधरा फूट गेले. पन्नास गेले. टोकाशी नांगर उचलायला लिव्हर ओढली, तेव्हा कळलं की हात आखडलेत. मागे वळून बघितलं. माझं तास सरळ नव्हतं, मध्ये एक हलकी कमान होती. मागून येणाऱ्या पोराने, असेल चौदा वर्षांचा, ती निमूट सरळ करून घेतली.

चार फेऱ्या झाल्या. पाचव्यांदा आजोबांच्या समोरून जाताना त्यांनी हात वर केला. थांब म्हणून. मी इंजिन बंद करायला गेलो, तर त्यांनी मान हलवली, चालू राहू दे. दोघांनी धरून त्यांना उठवलं. मला वाटलं त्यांना बसायचंय, मी सीटवरून उतरायला लागलो. पण ते ट्रॅक्टरकडे आलेच नाहीत. काठी टेकत नांगरामागे गेले, वाकता येत नव्हतं म्हणून काठीचं टोक तासात घातलं, आणि काठीवर माती जिथपर्यंत लागली तिथे अंगठ्याने खूण धरून मला दाखवली. “पाच,” म्हणाले. “आता सहा कर. ओढतोय तो.”

सहा केलं. जरा दमला, पण ओढलं.

संध्याकाळी प्लेटा परत केल्या. पातं तोवर स्वतःच घासून चकचकीत झालं होतं, शेवटी मातीसारखा पॉलिश पेपर नाही. घरी आल्यावर आजोबांनी गॅरेजातून ग्रीसचा डबा पाठवला, कारण उघडं पोलाद रात्रीच्या दवातही गंज धरतं. बोटभर जाड थर लावलाय. नांगर आता फळीवर ठेवलाय, जमिनीला न टेकवता. टायरमध्ये कोणतं पाणी भरायचं ते मात्र अजून ठरत नाहीये. बीटरूटचा रस महाग आहे राव.